वयात आल्याची खूण

नाईलकाठच्या दवाखान्यात डोळ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या नजातबाईंची नजर अधू असली, तरी कान शाबूत होते. मागे दोन म्हातारे शेतकरी बोलत होते.

"मेतवल्ली, लघवीतून रक्त जातंय आणि तू डोळे दाखवायला आलास?"

"दुखत नाही रे, शाबान. लहानपणी कालव्यात डुंबून आपल्या सगळ्यांचीच लाल व्हायची. आई म्हणायची, पोरगा वयात आला!"

"माझीही तेच म्हणायची. आता मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, कालव्याच्या पाण्यातून अंगात शिरलेल्या किड्यानं सुरुवात केली, तुझ्या सिगारेटींनी हातभार लावला."

"तुला दुखत होतं?"

"अजिबात नाही."

मेतवल्लीनं रांगेबाहेर पाऊल टाकलं.

"शाबान, लघवीच्या डॉक्टरांची रांग कुठली?"

"आणि डोळे?"

"रांग सापडण्यापुरतं दिसतंय. चल."