काठाकडं तोंड

माझं माहेर माळेगाव बुद्रुक आणि सासर पिंपळी, दोन्हीकडं ऊस, दोन्हीकडं विहिरी, समुद्र आमी फक्त टीव्हीत बघितलेला. गावातल्या डेअरीवर मी दूध मोजायला बसते, त्यामुळं मापाची सवय अंगातच मुरलीय, घरात बी तसंच, कुणी किती खाल्लं, सिलेंडर कधी लावला, सगळं माझ्या ध्यानात. आमचे मालक हसायचे, म्हणायचे, हिला देवानं डोक्याच्या जागी तराजू दिलाय.

मालकांचा विषय निघाला की लोक अजून त्यांच्या पोहण्याचंच बोलतात. अर्ध्या पिंपळीची पोरं त्यांनी शिकवली. पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा, विहिरीत ढकलून द्यायचं, आणि आपण वर उभं राहून वरडायचं, आरं भिऊ नको, दम लागला की सरळ काठ धर, इकडं तिकडं बघू नको, काठाकडं तोंड कर. आमची लेक सोनाली बी तशीच शिकली, रडली, पाणी प्याली, आणि मग मासोळीवाणी झाली, बाहेर निघंना.

त्या साली ऊस कारखान्याला गेला, रान मोकळं झालं, आणि सोनालीनं हट्ट धरला, आप्पा, समुद्र बघायचा. ती तवा शाळेत व्हती. मग ठरलं. आमी तिघं, जाऊबाई आणि त्यांची दोन पोरं, भाड्याची जीप, डायवर गावातलाच. तयारी माझ्याकडं. काय सांगू ताई तुम्हाला, उलटीला लिंबू आणि आल्याच्या वड्या, पाणी घरनं उकळून घेतलेलं, पोरांना टोप्या, खिशात फोन नंबराच्या चिठ्ठ्या. डायवरला बजावलं, दादा, घाट उजेडातच उतरायचा, झोप आली तर लाजू नको, गाडी बाजूला घे. दर थांब्याला मी माणसं मोजायची. मालक म्हणले, मोज मोज, शेरडं हाय का आमी? जाऊबाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली.

फलटण, सातारा, कऱ्हाड करत गेलो. कुंभार्ली घाट उतरताना मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, खाली सपाटीला लागलो आणि जीव भांड्यात पडला. मला वाटलं, भ्यायचं ते संपलं.

किनारा लहानच व्हता, गर्दी न्हाय, वाळू तव्यासारखी तापलेली. एक म्हातारा कोळी जाळं नीट करत बसला व्हता. मालकांनी शर्ट काढला तसा तो म्हणला, भाऊ, आता नको, पाणी उतरतंय, ओढ असते. मालक म्हणले, बाबा, आमी विहिरीच्या तळाची माती वर आणणारी माणसं, हितं तर कंबरंएवढं पाणी हाय. म्हातारा म्हणला, विहीर जागेवर राहते हो. मालक हसले आणि गेले. पोरांना मी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं न्हाय, हात धरून उभी व्हते. पण ह्यांना पाण्याचं काय सांगणार, मास्तराला कुणी शाळेत जाऊ नको म्हणतं का?

आधी चांगले पोहत व्हते. सोनाली टाळ्या वाजवत व्हती. मग ते वळले, आमच्याकडं तोंड करून हात मारायला लागले. सरळ. जसं शिकवायचे तसंच. मला त्यांचं तोंड दिसत व्हतं ताई, ते माझ्याकडं बघत व्हते, हातावर हात पडत व्हता, आणि माणूस मागं मागं चाललेला. मला कळंनाच. जवळ येणारा माणूस लांब कसा जातोय? म्हाताऱ्यानं जाळं टाकलं, आडवं जा, आडवं जा म्हणून वरडत होडीकडं पळाला, पण लाटांच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं न्हाय, आणि गेलं असतं तरी त्यांनी काठ सोडला नसता. होडी पोचली तवा तिथं कुणी नव्हतं.

भरतीच्या पाण्यानं ह्यांना आणून दिलं. म्हातारा माझ्यापशी बसून रडला. म्हणला, ओढ लय रुंद नसते पोरी, किनाऱ्याला धरून बाजूला सरकला असता तर सुटला असता, ताकद व्हती त्याच्यात. ताकद व्हतीच. सगळी ताकद आमच्याकडं यायलाच लावली त्यांनी.

सोनाली त्यानंतर विहिरीकडं फिरकली न्हाय. आता ती इंदापूरला दिली, जावई वालचंदनगरला कामाला हायेत, नातू पहिलीत. परवा आली, भाकरी थापत थापत खाली मान घालून म्हणली, आई, पोरगं समुद्र बघायचा म्हणतंय, तू म्हणशील तसं. मी इतकी वर्षं न्हायच म्हणत आले. मग जावयांना बोलावलं, म्हणलं, तिथल्या माणसाला विचारल्याबिगर पाय घालू नका, आणि कधी ओढलं तर आमच्याकडं बघू नका, आडवं जा. ते म्हणले, व्हय आत्याबाई, आणि माझ्या पाया पडले.

चल म्हणत व्हती मला. मी न्हाय जाणार. मी तिथं बसले तर लेकराला हसता यायचं न्हाय. समुद्रावर माझा राग न्हाय ताई, त्याला काय ठाऊक कोण कुणाचा. जावा म्हणलं, सुखानं खेळा. फक्त तिथनं मला फोन करू नका, फोन वाजला की माझं काळीज थांबतंय. परत आला की दारातनंच हाक मारा.