तिसरी टोपली

थायलंडमध्ये पेचबुरीला टेकडीवरच्या राजवाड्याच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"शंभर उकडलेल्या अंड्यांचा नवस बोललात, पण कुठे ते आठवत नाही?"

"इथल्याच, राजवाड्याच्या आवारातल्या देवळात. बहुतेक."

"काल चा-अमच्या किनाऱ्यावरही हेच म्हणालात. परवा धबधब्यापाशीसुद्धा. ही तिसरी टोपली. झाका ती, माकडं बघतायत."

"लमय, तुझं ऑपरेशन होतं. हॉस्पिटलच्या वाटेवर दिसेल त्या देवाला हात जोडले."

"धबधबा कधीपासून हॉस्पिटलच्या वाटेवर आला?"

"रस्ता चुकलो होतो."

"चाळीस वर्षं इथेच टेम्पो चालवताय."

"त्या दिवशी समोरचं नीट दिसत नव्हतं."

तिने टोपलीवरचं फडकं उगाचच सारखं केलं.

"काय झालं?"

"काही नाही. टोपली इकडे द्या, जड आहे."