बाबांच्या बंदुकीच्या पुंगळ्या

वायोमिंगमधल्या आमच्या गावात शिकारीचा हंगाम शनिवारी सुरू होणार होता. स्वतःच्या नावाचा पहिलावहिला परवाना घ्यायला मी शिकारीच्या सामानाच्या दुकानातल्या रांगेत अगदी ताठ मानेनं उभी होते. माझ्यापुढे व्हर्ना आणि तिचा धाकटा भाऊ डेलबर्ट, दोघंही साठीचे.

"ताई, वीसच्या वीस पुंगळ्या फाटल्या गं."

"फाटल्या म्हणजे?"

"बाबांच्या बंदुकीच्या गोळ्या आता कुणी बनवत नाही ना! म्हणून दुसऱ्या मापाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साच्यात दाबून तिच्या मापाच्या करत होतो. एकजात सगळ्यांचे गळे चिरले."

"मग शनिवारी बाबांनी हरणाला काय काठी फेकून मारायची?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

मी लगेच छताकडे बघितलं.

"गळे आधी तापवून मऊ केलेस का?"

"तापवायचे असतात?"

"अरे देवा! बाबा आईच्या केकच्या ताटात पाणी घालून पुंगळ्या उभ्या करायचे आणि वरून ज्योत फिरवायचे, आठवत नाही? बूड गार आणि गळा तेवढा गरम. त्यांना विचारायचंस की!"

"त्यांना चकित करायचं होतं. आणि आई गेल्यापासून ते खुर्चीतून उठतात तरी कुठे?"

"थांब, फोन लावते. बाबा, तुमच्या लाडक्यानं वीस पुंगळ्या फाडल्या. हो, वीस! नाही हो, तापवल्याच नाहीत."

"चिडले का?"

"हसतायत."

"बाबा? हसतायत?"

"म्हणतायत, त्या गाढवाला सांग, नव्या पुंगळ्या घेऊन ये, पण मी येईपर्यंत साच्याला हात लावू नकोस. आणि विचारतायत, माझे बूट कुठे ठेवलेत?"