तिसऱ्या ट्रेला पाणी कोणी घातलं?

आदरणीय सभाध्यक्ष, आपले संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सहकारी, विद्यार्थी, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि नव्या सदऱ्यात अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आमचे माळीकाका,

काकांनी मघाशीच बजावलंय, "ताई, थोडक्यात आटपा. रोपं उन्हात आहेत." निवृत्त झाले तरी जीव तिकडेच!

नव्या मंडळींसाठी सांगते. मिरचीच्या रोपावर संकट आलं की त्याची काही जनुकं मदतीला धावतात. त्यांतलं एक कुटुंब आम्ही अभ्यासायला घेतलं होतं. सत्तावीस जणांचं खटलं! सव्वीस राबणारे आणि एक ढिम्म. उन्हात ठेवा, मीठ घाला, पाणी तोडा, हा काही हलायचा नाही. काका त्याला 'जावईबापू' म्हणायचे. आणि माझी पीएचडी नेमकी जावईबापूंवर! चार वर्षं झाली तशी मार्गदर्शकांनी सांगितलं, "या प्रयोगातही काही हाती लागलं नाही, तर विषय सोड."

चौदा दिवस काचघरातल्या रोपांना थेंबभर पाणी द्यायचं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी बघते तर काय, तिसऱ्या ट्रेमधली माती चिंब! शेजारी झारी घेऊन काका.

"काका, काय केलंत हे?"

"माना टाकल्या होत्या हो त्यांनी. मला बघवेना."

मी आकांडतांडव केलं. लेखी तक्रार दिली, वर पुरावा म्हणून त्या रोपांची पानं गोठवून ठेवली. काकांना सहा महिने काचघराची बंदी झाली.

पुढे नमुने कमी पडले म्हणून तीच पानं तपासली. अहो, जावईबापू जागे! संकटात ते हलायचेच नाहीत. पाणी परत मिळालं की उठून सगळी पडझड सावरायची, हे त्यांचं काम. आणि आम्ही शहाण्यांनी चार वर्षांत रोपांना पुन्हा पाणी घालून पाहिलंच नव्हतं!

मला पदवी मिळाली. प्रबंधात मी लिहिलं, 'दहाव्या दिवशी पाणी देण्यात आले.' कोणी दिलं, ते लिहायची हिंमत झाली नाही. बंदी संपल्यावर काका मुकाट्याने झारी घेऊन कामाला लागले. माझी तक्रार अठरा वर्षं त्यांच्या फाइलीत आहे. याची मला लाज वाटते.

अध्यक्ष महोदय, ती मागे घेतल्याचं हे पत्र. त्यात पाणी काकांनी घातलं होतं, असं स्वच्छ लिहिलंय. फाइल बंद होण्याआधी ते तिला जोडावं, ही विनंती.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असल्यास सभेने पोटात घालावं. तक्रारीची माफी मात्र सभेकडे मागून भागायचं नाही. काका, ती तुमच्याकडे मागते.

आणि निवांत बसा. येतानाच मी रोपांना पाणी घालून आलेय.