तात्यांच्या सात सावल्या

मंडळी, जरा सरसावून बसा, एक साधाच प्रश्न आहे. घरात दिवा लावायचा, तो कुणासाठी? स्वतःसाठी म्हणता? बघू.

कासारखोल गावात नरहरतात्या पोंक्षे राहायचे. बायको गेलेली, लेक सासरी लांब. सोबती एकच, शेजारचा भिकूशेठ. रोज दिवेलागणीला यायचा, सोंगट्यांचा डाव मांडायचा. श्रावणात अचानक यायचा थांबला. का, ते तो सांगेना. तात्या मानी, विचारीनात.

पौषापर्यंत वाट बघितली. मग ठरवलं, घर अंधारं म्हणून माणूस येत नाही! बोलावला इक्बाल वायरमन.

"तात्या, वाचता कुठं, जेवता कुठं? तसे दिवे काढतो."

"ते राहू दे. माजघरात सात लाव. गावाला दिसलं पाहिजे."

"सात? परत लग्न करताय काय?"

"तू तारा ओढ."

उजेड असा पडला, की शेजारचा कोंबडा तीन दिवस झोपला नाही — खोटं वाटतंय? मी स्वतः बोललोय त्याच्याशी. पण तात्या वाचायला बसले, तर दिवे पाठीमागे, पुस्तकावर आपलीच सावली. फिरून बसले, तर डोळे दिपले. भिंतीकडे बघतात तो सात दिव्यांच्या सात सावल्या. घरात सात तात्या, आणि एकही बोलेना. पुढ्यात पट मांडलेला, तसाच.

आठवड्यानं इक्बाल राहिलेलं बटण बसवायला आला. निघाला तेव्हा अंधारलेलं. ओटा उतरताना पडता पडता वाचला.

"तात्या, आत एवढं लख्ख, म्हणून बाहेर आणखीच काळोख. ही फुटकी पायरी कुणाला दिसणार?"

तात्यांनी वाकून पायरी चाचपली. मग हळूच म्हणाले, "आतला एक काढ. इथं लाव."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काठी वाजली. भिकूशेठ!

"श्रावणात इथंच आपटलो, नरहर. संध्याकाळचं दिसत नाही मला. सांगायची लाज वाटली."

"मला वाटलं, रुसलास."

"फासे काढ आधी."

तात्यांनी आत एकच दिवा ठेवला. भिंतीवर दोनच सावल्या, आणि दोघींची बडबड थांबेना.

मंडळी, श्रावण ते पौष. इतके महिने एका पायरीपायी गेले. आज घरी पोचलात की लगेच आत शिरू नका. दाराबाहेर उभे राहा, म्हाताऱ्या डोळ्यांनी बघा. तुमच्याकडे यायचं कुणी थांबलंय का? देवाचं नाव मी घेतो. यायचं थांबलेल्याचं नाव तुम्ही घ्या.