मार्लिस ट्वेटच्या हातांबद्दल सांगायचं राहून गेलेलं

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि विलो फोर्क अश्वारोही मंडळाच्या प्रमुख श्रीमती ग्लेनिस हार्डर, व्यासपीठावर विराजमान असलेले आपले रेव्हरंड टोल्मी, आजच्या सत्कारमूर्ती मार्लिस ट्वेट, आणि नोव्हेंबरच्या अशा बोचऱ्या वाऱ्यात गुरांना चारा टाकून, स्वच्छ शर्ट चढवून इथवर आलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मला थोडी जास्त लागतील, हे आधीच सांगून ठेवतो. मागे कॉफी आहे, रोस्ट आहे, सॅस्काटून बेरी भरलेली गोड पेस्ट्री आहे. कुणाला उठायचं असेल तर उठा, मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त तिसऱ्या रांगेत बसलेल्या रोवेना प्रुडनने उठू नये. ती उठणार नाही, हेही मला माहीत आहे.

मार्लिस इथे आली त्याला एकतीस वर्षं झाली. मी तिच्या दोन वर्षं आधी आलो होतो. नवा दवाखाना, नवी पाटी, डॉ. ओरेस्ट हलादी, घोडे आणि गुरं. एके दिवशी बियाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर एक हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली. ‘घोडा आणि स्वार, दोघांच्या शरीरावर हातांनी उपचार. ऊर्जा-उपचार. मार्लिस ट्वेट.’ मी काउंटरवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “हात ठेवून घोडे बरे होत असते तर मी इतकी वर्षं कॉलेजात झक मारली का?” लोक हसले. मला बरं वाटलं. मार्लिस माझ्या मागेच उभी होती, गुरांना चाटायला देतात तो मिठाचा ठोकळा घेऊन. तिने तो काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, “कॉलेजात घोड्याला हात लावू देत होते ना? मग अर्धं काम झालं.”

अशी आमची ओळख.

तिची पद्धत तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. घोडा आणला की ती आधी स्वाराला पुढे बोलवायची. “घोडा कुठे पळत नाही. तू बूट काढ.” बूट उलटा करून तळ बघायची, टाच कुठल्या बाजूने झिजली आहे ते बघायची. मग खोगीर उतरवून दोन्ही रिकिबींचे पट्टे शेजारी शेजारी धरायची. क्लिफर्ड नेल्सनला ती भर तबेल्यात म्हणाली होती, “घोड्याची पाठ दुखत नाहीये, क्लिफर्ड. तू वीस वर्षं डाव्या ढुंगणावर बसतो आहेस.” हसा, क्लिफर्डसुद्धा हसतो आहे. पण तिने क्लिफर्डच्या कमरेवर सहा आठवडे काम केलं, आणि घोडा सरळ चालू लागला. घोड्याला तिने बोटही लावलं नव्हतं.

घोड्याला हात लावायची तेव्हा मी दुरून पाहिलं आहे. कानांमागे तळवा ठेवायची आणि नुसती उभी राहायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घोडा मान खाली सोडायचा, ओठ सैल पडायचे, मग मोठी जांभई. ऊर्जा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मला मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही, माझा स्वभावच तसा आहे. पण त्या बाईच्या बोटांना जे समजत होतं, ते माझ्या डोळ्यांना पुष्कळदा उशिरा समजायचं. हे मी आज पहिल्यांदा मोठ्याने बोलतो आहे. ते अकरा वर्षांपूर्वी बोललो असतो, तर आज या सभागृहात आणखी एक माणूस असता.

मंडळी, इथपर्यंतचं भाषण, एक-दोन वाक्यं सोडून, मी पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं होतं. यापुढचं आज सकाळी लिहिलं.

वेड प्रुडन तुम्हा सगळ्यांना आठवतो. छत्तीस वर्षांचा होता. डोंगरावरच्या कुरणातून गुरं खाली आणायची तर तो पुढे हवाच. त्याच्याकडे टॅन्झी नावाची बदामी घोडी होती. अकरा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, त्याची कंबर धरली म्हणून तो मंगळवारी मार्लिसकडे गेला. घोडीसाठी नव्हे, स्वतःसाठी. मार्लिसने त्याचा बूट पाहिला, रिकिबीचे पट्टे मोजले. उजवा पट्टा दोन बोटं ताणला गेला होता. तिने विचारलं, “घोडी कुठे आहे?”

घोडी बाहेर ट्रेलरमध्ये होती. ती उतरवून तिने चालवली, आणि चालता चालता तिची शेपूट एका बाजूला हलकेच ओढली. निरोगी घोडा लगेच पाय रोवून स्वतःला सावरतो. टॅन्झी ओढली तशी वाहत गेली. मार्लिस म्हणाली, “वेड, हिला आपला मागचा पाय कुठे पडतो आहे ते कळत नाहीये. तू तिला तोलून धरतो आहेस, म्हणून तुझी कंबर गेली. हिच्यावर बसू नकोस. ओरेस्टला मान तपासायला सांग.”

वेड गुरुवारी माझ्याकडे आला. मी चारही खूर पाहिले, पाय वाकवून पाहिले, दुडक्या चालीने पळवून पाहिली. सगळं ठीक. वेड म्हणाला, “डॉक, मार्लिस म्हणत होती शेपूट ओढून बघा. आणि मानेचा एक्स-रे काढा.”

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. “मार्लिसला जर डॉक्टर व्हायचं असेल तर तिला म्हणावं परीक्षेला बस.”

वेड हसला. म्हणाला, “मग रविवारी नेऊ ना तिला वर?”

“खुशाल ने.”

शेपूट ओढून बघायला अर्धं मिनिट लागतं. घोडी समोर उभी होती. मला घाई नव्हती, त्या दिवशी मला दुसरं कामही नव्हतं. ती सूचना मार्लिसच्या तोंडून आली होती, म्हणून मी शेपटीला हात लावला नाही. दुसरं कारण नाही. अकरा वर्षं मी दुसरं कारण शोधतो आहे.

शुक्रवारी वेड पुन्हा मार्लिसकडे गेला. “डॉक म्हणतात ठणठणीत आहे. तू फक्त मान जरा मोकळी करून दे.” तिने दोनदा नको म्हटलं. मग तिलाच वाटलं, डॉक्टरने तपासली आहे, आपलंच चुकलं असेल. तिने घोडीच्या मानेवर वीस मिनिटं हात ठेवले. दाब दिला नाही, ओढलं नाही. हे मी तिच्या सांगण्यावरून म्हणत नाही. वेडने घरी जाऊन आपल्या बायकोला, रोवेनाला, सांगितलं होतं, की ‘नुसते हात ठेवले आणि टॅन्झी उभ्या उभ्या झोपली.’

रविवारी वरून गुरं आणताना, उतारावर, टॅन्झीचे मागचे पाय गेले. ती वेडवर पडली आणि लोळली. खाली नेईपर्यंत तो गेला होता. घोडीला मी वर जाऊन तिथेच संपवलं.

क्लिफर्ड, बस. तुला जे म्हणायचं आहे ते नंतर बाहेर म्हण, मी थांबेन. मला हे पुरं करू दे.

घोडीचं शवविच्छेदन मी केलं. एकट्याने, दवाखान्याचं दार लावून. मानेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये हाड वाढलं होतं आणि मज्जारज्जू दबला होता. ती वाढ काही महिन्यांची होती, कदाचित वर्षाची. वीस मिनिटांत, दोन दिवसांत, कुणाच्याही हातांनी असं होत नाही. मी एक पान लिहिलं, तारीख घातली, सही केली, आणि ते पान खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मार्लिस आली. कोट काढला नाही, बसली नाही. विचारलं, “काय सापडलं?”

मी म्हणालो, “आधीचं काहीच नाही.”

मी तिच्याशी खोटं बोललो, मंडळी. त्यातला ‘आधीचं’ हा शब्द मी जाणूनबुजून घातला. म्हणजे जे झालं ते नंतर झालं, हे तिचं तिने समजून घ्यावं. तिने समजून घेतलं. तिने हातमोजे घातले आणि ती गेली.

मग बियाण्याच्या दुकानात बोलणं सुरू झालं. ‘शुक्रवारी तिने मान ओढली.’ ‘हाड सरकवलं म्हणे.’ मी तिथे असायचो. कुणी माझ्याकडे बघितलं की मी खांदे उडवायचो. त्या हिवाळ्यात तिच्याकडे येणारे चाळीस घोडे नऊवर आले. आज इथे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी तेव्हा तिच्या फाटकावरून गाडी न थांबवता नेली, ते मी विचारत नाही. तुम्हाला तसं करायचं कारण मी दिलं होतं.

पण याहून वाईट सांगायचं राहिलं आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी तिला एका तबेल्यात काम करताना पाहिलं. पाठ, कंबर, खांदे, सगळीकडे हात फिरला. मान आली की ती थांबली आणि हात खाली घेतले. पुढे प्रत्येक वेळी तेच. मी एकदा अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मान का सोडतेस?”

ती म्हणाली, “एक मान पुरे झाली, ओरेस्ट.”

मी तिला तेव्हाही सांगितलं नाही. माझा खण तिच्यापासून चार मैलांवर होता. तिचं नाव परत मिळालं असतं, हा एक भाग. पण आपल्या हातांनी एक माणूस मेला, असं समजून एक बाई अकरा वर्षं सकाळी उठत होती, त्याच हातांनी कॉफी करत होती, आणि तसं नाही हे जगात फक्त मला ठाऊक होतं. याला काय म्हणायचं? मला शब्द सापडत नाही. तुम्हाला सापडला तर वापरा.

आता तिची बोटं सांध्यांत सुजली आहेत. ती किनाऱ्यावर बहिणीकडे राहायला निघाली आहे. मंडळाने मला भाषण करायला सांगितलं, जुना सहकारी म्हणून. मी हो म्हणालो. काल दुपारी मी रोवेनाकडे गेलो आणि स्वयंपाकघरात बसून तिला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. ती सोलतच राहिली. सगळे सोलून झाल्यावर म्हणाली, “मी तिच्याशी अकरा वर्षं बोलले नाही, डॉक्टर. चर्चमध्ये ती ज्या बाकावर बसायची तो बाक मी सोडला. हे तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत.”

मी म्हणालो, “मी आज संध्याकाळीच मार्लिसकडे जातो.”

“नाही. चार भिंतींत सांगून सुटायचं नाही. दुकानात सगळ्यांसमोर गप्प बसलात ना? मग सगळ्यांसमोर बोला. मी येते. समोर बसते.”

ती आली आहे. रोवेना, तुझे आभार मानायला माझी जीभ उचलत नाही. तरी मानतो.

तरीही आज सकाळी मी मार्लिसच्या घरी गेलो होतो. तिला आधी कळावं असं वाटलं. खोकी बांधलेली होती, एकच खुर्ची शिल्लक होती, ती तिने मला दिली. म्हणाली, “चांगलं बोल हं माझ्याबद्दल. लोकांना कंटाळा आणू नकोस.” मी कॉफी प्यायलो आणि उठलो. तेवढी हिंमतही झाली नाही.

म्हणून मार्लिस, तू हे आत्ता, इतक्या माणसांत ऐकते आहेस. टॅन्झीची मान तुझ्या हातांनी गेली नव्हती. तू मंगळवारी जे सांगितलंस ते बरोबर होतं. एकूण एक बरोबर होतं. वेड माझ्या शब्दावर त्या घोडीवर बसला. ते पान मी आणलं आहे, मूळ प्रत आहे. मंडळाने तुझ्यासाठी शिवलेल्या रजईशेजारी, या टेबलावर ठेवतो. त्याची एक प्रत उद्या पशुवैद्यक परिषदेला जाईल, सोबत माझं पत्र. दवाखान्याची पाटी मी काल काढली.

आता आभार. या सभागृहाची व्यवस्था पाहणाऱ्यांचे, स्वयंपाकघरात सकाळपासून उभ्या असलेल्या बायकांचे, आणि मला थांबवावं असं वाटूनही न थांबवणाऱ्या अध्यक्षांचे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, सणासारख्या दिवसावर विरजण पडलं असेल, तर तेवढ्यापुरतं मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. ही विनंती भाषणापुरतीच आहे. बाकीच्याची क्षमा मी मागत नाही. काल दारापर्यंत पोहोचवायला आलेली रोवेना म्हणाली, “तिच्याकडे माफी मागू नका. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. तिला तेवढंही काम लावू नका.”

तेव्हा मार्लिस, तू बसून राहा. मी खाली उतरतो.