सगळ्या घाटानं ऐकलं ते

समारंभाचे अध्यक्ष माननीय आबाजीसाहेब, आज निवृत्त होणारे ठाकुरवाडीचे केबिनमन भिवाजीकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या इंदूकाकू, आणि घाटातल्या रेल्वेच्या केबिनींतून आलेल्या माझ्या सोबत्यांनो नि मायबहिणींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. इंटरला असताना मी प्राचार्यांशी दोनच शब्द बोललो होतो, त्यानंतर कॉलेजचं नि माझं जमलं नाही. तेव्हा अध्यक्षांनी सावध असावं.

काकांचे गुण किती सांगू? एकच सांगतो. आपल्या सगळ्या केबिनींचे फोन एकाच तारेवर. एक बोलला की बाकीचे ऐकतात. म्हणून नियम आहे, आलेला निरोप शब्द न् शब्द परत म्हणायचा, समोरचा ‘बरोबर’ म्हणाला की मगच सिग्नलचा लिव्हर ओढायचा. हा नियम गाड्यांसाठी. काकांनी तो भांडणांनाही लावला.

गेल्या माघात माझा मित्र गजा त्याच्या केबिनीतून फोनवर म्हणाला, “चंदर, पोशीरच्या पाव्हण्यांनी जनाला बघितलं, आन्...” जना म्हणजे काकांची मुलगी. पुढचं ऐकायला मी थांबलो का? थांबायची सवय असती तर आज पदवीधर नसतो का झालो?

मी म्हणालो, “तूच जमवलंस ना? मित्र नाय, साप हायस तू. जनाबिगर मी लगीन करायचा नाय.”

तेवढ्यात तारेवर काकांचा आवाज आला, “ठाकुरवाडी बोलतोय. चंदर, गजा काय म्हणाला ते परत म्हण.”

“म्हणाला, त्यानं जनाचं पोशीरला जमवलं.”

“गजा, बरोबर?”

“नाय काका. पाव्हण्यांनी बघितलं आन् जनानंच नाय म्हटलं, एवढंच सांगत व्हतो. ह्यानं पुरं कुठं होऊ दिलं?”

“चंदर, आता तू काय म्हणालास ते म्हण.”

“साप म्हणालो.”

“त्याच्या पुढचं.”

मंडळी, पुढचं मला म्हणता येईना. काका म्हणाले, “ऱ्हाऊ दे. ऐकलंय.”

गजाची माफी मी दुसऱ्याच दिवशी मागितली, चहाच्या टपरीमागे, हळूच. मग जनाला मागणी घालायला भिसेगावला काकांच्या घरी गेलो. काका म्हणाले, “तिलाच इचार.” जना म्हणाली, “साप सगळ्या घाटासमोर म्हणालात, आन् माफी टपरीमागं? सगळ्यांसमोर मागा. मग मी बाबांना काय ते सांगते.” फोनवर मागावी म्हटलं, तर काका म्हणाले, “फोन कामाचा हाय.”

आज सगळा घाट इथं आहे. दोघं ड्यूटीवर आहेत, तेवढी सूट मिळावी ही तिसऱ्या रांगेत बसलेल्या जनाला विनंती.

काका, इतकी वर्षं आमचे कान धरलेत, त्याबद्दल आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, त्यांचेही. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पदरात घ्यावं. आणि गजा, तुला मी साप म्हणालो. चुकलो. मला माफ कर.

नुसती मान नको हलवू रं. तोंडानं सांग. तिसऱ्या रांगेत ऐकू गेलं पाहिजे.